टाळ्या वगळून

आमच्या घरात एकशे त्रेसष्ट रेकॉर्डी होत्या आणि त्यांतल्या प्रत्येकीत कुठे ना कुठे कुणीतरी खोकत होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, रेकॉर्ड हातात आली की आधी कव्हर उलटं करत आणि ती कुठे वाजवली गेली ते वाचत. स्टुडिओ असेल तर जागच्या जागी परत. नाचाचा हॉल, थिएटर, एखादी बाग, कुठल्या तरी कॉलेजचं सभागृह, थोडक्यात लोकांसमोर वाजवलेलं असेल तरच ती आमच्या घरी येई. संगीतही एकाच प्रकारचं. जॅझ, आणि जॅझमध्येही फक्त बिग बँड. चौदा, सोळा, कधी अठरा माणसं एका वेळी वाजवतात ते. बंगळुरात, इंदिरानगरच्या आमच्या गल्लीत सकाळी घराघरांतून स्तोत्रं ऐकू येत, आणि रविवारी साडेदहाला आमच्या खिडकीतून चार ट्रम्पेट एकदम सुटत. घरमालकीण गौरम्मा अक्का वरच्या मजल्यावरून कानडीत विचारायच्या, "एन्री, इवत्तू मदुवेना?" आजपण लग्न आहे का? आईला हे फार आवडे. ती थालीपीठ थापता थापता आतून म्हणे, "सोळा-सोळा जण वाजवतात, आणि नवरामुलगा काही अजून आलेला नाही."

अण्णा विमानांच्या सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन बसायचं आणि शतांश मिलिमीटरने चुकलेला भाग लाल खूण करून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. कारखान्यात लोक त्यांना बिचकून असत हे मला फार उशिरा कळलं, कारण घरी ते कुणाच्या चुका काढत नसत. एकदा मी विचारलं होतं, असल्या खोकल्याखाकऱ्याच्या रेकॉर्डी कशाला घेता, स्टुडिओतल्या किती स्वच्छ असतात. त्यांनी सुई केसभर मागे नेली आणि म्हणाले, "ऐक. हा तिसरा ट्रम्पेटवाला. फाटला बघ सूर." मला काही कळलं नाही. "फाटला, आणि कुणीही थांबलं नाही. हा तुकडा परत पाठवता येत नाही, रवी." ते बोलताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू तो सूर त्यांच्यासाठीच फाटला होता.

रविवारची ती पाऊण तासाची बैठक सोडली तर घरात रेकॉर्ड वाजत नसे. अण्णांचा नियम होता, एक रेकॉर्ड वर्षातून एकदाच. सुईने खाचा झिजतात, म्हणून. सुईचा दाब दोन ग्रॅम, तो ते दर महिन्याला तपासत. वाजवून झालं की कव्हरमधल्या कार्डावर पेन्सिलीने एक उभी रेघ. त्या वेळात आईने मिक्सर लावायचा नाही. तिला चटणी वाटायची असेल तर ती पाटा-वरवंटा घेई, आणि मग जाणूनबुजून ठेक्यावर वाटे. विमानतळ जवळ असल्याने मधूनच डोक्यावरून विमान जाई आणि तेवढा वेळ सगळंच बुडे. बाजू संपली, शेवटची टाळी थांबली, की अण्णा सुई उचलत आणि खोलीत कढीपत्त्याच्या फोडणीचा वास एकदम जाणवे, जणू तो तोवर बाहेर थांबला होता.

माझ्याकडे रजिस्टर होतं. बाराव्या वर्षी अण्णांनी मला एक स्टॉपवॉच आणि एक लांबट वही दिली आणि प्रत्येक रेकॉर्डची नोंद करायला सांगितली: क्रमांक, बँड, ठिकाण, माणसं किती, प्रत्येक रचनेची लांबी मिनिटं-सेकंदांत. मी ते काम इतकं मन लावून केलं की दोन वर्षांत अण्णा कव्हर वाचण्याऐवजी मलाच विचारू लागले. पाहुण्यांसमोर ते म्हणत, "त्याच्या वहीत आहे म्हणजे आहे." मी आकड्यांचा मुलगा झालो तो तिथे. एक मात्र आज सांगतो: सोळाव्या वर्षापर्यंत मी शेकडो तास ते संगीत ऐकलं आणि जवळजवळ काहीच ऐकलं नाही. माझं लक्ष काट्यावर असे.

पीयूसीच्या पहिल्या वर्षाची, म्हणजे अकरावीची, परीक्षा झाली त्या सुट्टीत अण्णांनी ठरवलं की सगळ्या रेकॉर्डी कॅसेटवर उतरवायच्या. मग रविवारी कॅसेट ऐकायची आणि खाचा कायमच्या वाचवायच्या. सगळ्या उतरून होईपर्यंत रविवारची बैठक बंद. काम अर्थातच माझ्याकडे आलं. उतरवताना रेकॉर्ड एकदाच वाजवायची, हा नियम इथेही होताच. चूक झाली तर पुढच्या वर्षी. कॅसेट नव्वद मिनिटांची, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. एका बाजूवर एक अख्खी रेकॉर्ड, दुसऱ्या बाजूवर दुसरी, असा माझा हिशेब. पण रेकॉर्डी काही माझ्या हिशेबाने केलेल्या नव्हत्या. बऱ्याच सेहेचाळीस, सत्तेचाळीस मिनिटांच्या निघाल्या. वरची दोन मिनिटं कुठे घालायची? मी वही चाळली आणि मला उत्तर सापडलं. प्रत्येक रचनेनंतर दहा, पंधरा, वीस सेकंद टाळ्या होत्या. टाळ्या सगळ्या सारख्याच. शेवटचा सूर संपला की पॉजचं बटण दाबायचं, पुढची रचना सुरू व्हायच्या क्षणी सोडायचं. बटण दाबल्यावर बारीकसा टक् आवाज येई, एवढंच. आठवड्याभरात माझा हात इतका बसला की संगीताचा एक सूरही मी गमावत नसे. रजिस्टरमध्ये मी नवा रकाना आखला आणि त्याच्या वर सुबक अक्षरात लिहिलं, "टाळ्या वगळून." मला फार हुशार वाटलं होतं. अण्णांना मी हे विचारलं नाही. मला वाटलं, त्यांनाही हुशारीच वाटेल.

आता फिलोमिना आंटी. आमच्या घरापासून तिसऱ्या बंगल्याच्या मागे दोन खोल्यांचं आउटहाउस होतं, तिथे त्या एकट्या राहत. मूळच्या बेळगावच्या, गोव्याकडच्या ख्रिस्ती घरातल्या, त्यामुळे आमच्याशी बेळगावी मराठी बोलत. "काय करालास रे रवी, आत ये की," अशी त्यांची हाक असे, आणि आत गेलं की बशीत केकचा तुकडा किंवा गुलाबाच्या आकाराची तळलेली बिस्किटं. त्या शिवणकाम करत. खोलीत कायम मशीनच्या तेलाचा आणि व्हॅनिलाचा एकत्र वास असे. त्यांचे यजमान सिरिल अंकल मी कधी पाहिले नाहीत, आम्ही त्या गल्लीत यायच्या आधीच ते गेले होते. ते ट्रम्पेट वाजवत, आणि कँटोन्मेंटमधल्या एका हॉटेलात त्यांचा स्वतःचा चौदा जणांचा बँड होता. रविवारी दुपारी बारापासून तिथे नाच चाले. बँडप्रमुखाची बायको म्हणून आंटीला दर रविवारी खांबाजवळचं एक टेबल मिळे, आणि बँडप्रमुखाची बायको म्हणूनच त्यांना कधी नवऱ्याबरोबर नाचता येत नसे. "चौदा वर्षं मी लोकांचे पाय बघितले," आंटी म्हणत, आणि आई हसून हसून डोळे पुसे.

अशाच एका रविवारचं कुणी तरी ध्वनिमुद्रण केलं होतं आणि त्याच्या थोड्याशाच रेकॉर्डी निघाल्या होत्या. आंटीकडे एक होती. प्लेअर मात्र अंकल गेल्यावर विकला गेला होता. त्या सुट्टीत त्यांच्या मुलीचं, मोनिकाचं, ऑस्ट्रेलियातून पत्र आलं की मेमध्ये येताना मी कॅसेट प्लेअर आणते. आंटी दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड उशीच्या अभ्र्यात घालून आमच्याकडे आल्या. "अण्णा, तुमचा मुलगा सगळ्यांच्या कॅसेटी करालाय म्हणे. माझीपण एक करून दे म्हणा की त्याला." अण्णांनी ती दोन्ही हातांनी घेतली. बंगळुरात, आपल्या घरापासून तीन मैलांवर वाजलेला बिग बँड, लोकांसमोर! त्यांनी कव्हर दोनदा वाचलं. मग माझ्याकडे दिली. "एकदाच वाजव. सांभाळून."

मी ती मंगळवारी सकाळी उतरवली. अण्णा कारखान्यात, आई भाजी आणायला. पहिली बाजू बावीस मिनिटं पन्नास सेकंद, दुसरी चोवीस पंचवीस. एकूण सत्तेचाळीस पंधरा. म्हणजे एकशे पस्तीस सेकंद काढायची. प्रत्येक रचनेनंतर बटण दाबत गेलो. दुसऱ्या बाजूची तिसरी रचना संपली, टाळ्या सुरू झाल्या, मी बटण दाबलं. टाळ्यांमधून एका पुरुषाचा आवाज आला, इंग्रजीत. त्यात "फिलो" एवढं मला ऐकू आलं. काही लोक हसले. मी स्टॉपवॉचकडे बघत होतो, कारण तो माणूस बोलायचा थांबला की ट्रम्पेट कुठल्याही क्षणी सुरू होणार होते. कच्च्या कागदावर मी लिहिलं: "टाळ्या ८, बोलणे ११, वगळले." मग हळू चालीची एक रचना सुरू झाली आणि मी बटण सोडलं, अगदी पहिल्या सुरावर. पक्क्या रजिस्टरमध्ये बोलण्याला रकानाच नव्हता.

आंटीची प्रत मी आमच्या कॅसेटवरूनच केली. रेकॉर्ड दुसऱ्यांदा वाजवायची नव्हती ना. रेकॉर्ड आणि कॅसेट दोन्ही त्यांना नेऊन दिल्या. त्यांनी कॅसेटला क्रॉस केला, म्हणजे कपाळाला लावून छातीवर खूण केली, आणि मला दोन केक दिले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आंटीने एप्रिलच्या उन्हात ट्रंक रिकामी केली. मोनिका येणार म्हणून गाद्या, रग, ब्लँकेटं गच्चीवर टाकली. रेकॉर्ड अभ्र्यातच होती, ती ब्लँकेटाच्या घडीतून गेली आणि दुपारभर सिमेंटवर पडली. संध्याकाळी त्यांनी ती आणून दाखवली तेव्हा कडा अप्पमसारख्या वर वळल्या होत्या. अण्णांनी ती प्लेअरवर ठेवूनही पाहिली नाही. नुसती बघूनच मान हलवली. आई हळहळली. आंटीच आम्हाला समजावत होत्या. "जाऊ दे की. कॅसेट आहे. कॅसेट आहे म्हणून मला काही नाही वाटत बघा." मी तिथेच उभा होतो. तेव्हाही मला काही कळलं नव्हतं, हे खरं आहे. पुढचं मात्र कळून केलेलं आहे.

मेमध्ये मोनिका आली, आणि एका शनिवारी चार वाजता आंटीने आम्हाला आणि गौरम्मा अक्कांना चहाला बोलावलं. काकडीचे सँडविच होते, गौरम्मा अक्का शाकाहारी म्हणून बिनअंड्याचा केक मुद्दाम वेगळा केला होता. नवा प्लेअर शिलाई मशीनवर, क्रोशाच्या रुमालावर ठेवला होता. मोनिका माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. ती आंटीला चिडवत होती, "ममी, आज शेवटी आम्हाला पुरावा मिळणार." मग आंटीने सगळ्यांना सांगितलं, पुरावा कसला तो. त्या रेकॉर्डवर सिरिल बोलला आहे. हळू चालीचं गाणं वाजवायच्या आधी त्याने माइकवर तिचं नाव घेतलं आणि सगळ्या हॉलसमोर तिला सॉरी म्हटलं. इतक्या वर्षांत तुझ्याबरोबर एकदाही नाचलो नाही, म्हणून. "घरी कधी म्हटलं नाही त्यानं. काहीपण झालं तर बाहेर जाऊन ट्रम्पेट पुसत बसायचा. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला बघा. दोनशे माणसं होती."

"ममी म्हणते म्हणून," मोनिका म्हणाली. "आम्ही लहान होतो, आम्हाला काही आठवत नाही. पप्पा आणि सॉरी!"

"आता ऐक की मग. तोंड बंद ठेव आणि ऐक."

माझ्या हातात सँडविच होता. तो मी परत बशीत ठेवला. कुठे काय आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, सेकंदासकट. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं सगळे मजेत होते. गौरम्मा अक्का पाय हलवत होत्या, अण्णा डोळे मिटून होते. एका टप्प्यावर टक् आवाज झाला आणि अण्णांनी डोळे उघडले. पुढच्या रचनेनंतर पुन्हा टक्. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, चहाच्या कपाकडे पाहत राहिले. मी मनात शेवटचा हिशेब करत होतो: वीज गेली तर, कॅसेट अडकली तर. काहीच झालं नाही. आंटीने हात वर केला. "आता. हे संपलं की." मोनिका पुढे सरकली. शेवटचा सूर झाला, टक्, आणि हळू चालीची रचना सुरू झाली.

आंटीचा हात तसाच वर होता. मग त्या म्हणाल्या, "याच्यानंतर असेल." ती रचनाही संपली, तिच्यानंतरची संपली, मग कॅसेट नुसती फिरत राहिली. मोनिकाने ती बंद केली आणि आंटीच्या पाठीवर हात ठेवला. आंटी माझ्याकडे वळल्या. रागाने नव्हे, माझ्याकडे माहिती असते म्हणून.

"रवी, तू सगळी ऐकलीस ना रे बाळा? रेकॉर्डवर बोलला होता ना तो?"

"नाही आंटी," मी म्हणालो. "बोलणं नव्हतं."

इथे थांबता आलं असतं. पण मी घाबरलो होतो आणि घाबरलो की मी नेमकेपणाकडे पळतो, ती सवय अजून गेलेली नाही. मी म्हणालो, "माझ्या वहीत आहे. दुसरी बाजू, पाच रचना. बोलण्याची नोंद नाही." आणि घरी जाऊन रजिस्टर घेऊन आलो. खरंच आणलं. आंटीने चष्मा लावून ते पान वाचलं, बोट फिरवत, एकेक ओळ. वही त्यांनी मिटली आणि माझ्या हातात दिली. "सरी," त्या कानडीत म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. मग मोनिकाकडे बघून हसल्या. "तुझंच खरं. मला वाटलं असेल नुसतं. ऐकायचं होतं म्हणून ऐकलं असेल मी."

घरी येताना आई पुढे गेली. अण्णा माझ्या बरोबरीने चालत होते. फाटकाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "काय वगळलंस?"

"टाळ्या."

"फक्त टाळ्या?"

मी फाटकाची कडी काढू लागलो. ते म्हणाले, "उद्या जाऊन सांग तिला." एवढंच. कारखान्यातही ते असंच करत, असं पुढे त्यांच्या एका सहकाऱ्याने मला सांगितलं. शेरा एकदाच लिहायचे, दुसऱ्यांदा आठवण करायचे नाहीत. मी उद्या गेलो नाही. परवाही नाही. अण्णांनी पुन्हा विचारलं नाही, पण त्यानंतर पाहुण्यांसमोर वहीचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि माझ्या कॅसेटी त्यांनी एकदाही लावल्या नाहीत. पुढच्या रविवारी ते पुन्हा रेकॉर्डच वाजवू लागले. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "झिजू देत."

अण्णांनी स्वतः जाऊन का सांगितलं नाही, हा प्रश्न मी अनेक वर्षं मनात ठेवला आणि काही काळ त्यांच्यावर थोडासा दोषही टाकला. तो सोयीचा होता. आज माझी मुलगी त्या वेळच्या माझ्यापेक्षा मोठी आहे, आणि मला वाटतं त्यांना ती माझी जागा घ्यायची नव्हती. किंवा त्यांनाही धीर झाला नसेल. मला माहीत नाही, म्हणून दोन्ही लिहितो.

आंटीला खोटं सांगितल्याचं मला त्या दिवशी जेवढं वाटलं त्याहून जास्त पुढच्या दोन वर्षांत वाटलं, कारण त्यांनी ते किती मानलं हे मला दिसत गेलं. पूर्वी त्या सिरिल अंकलच्या गोष्टी सांगत तेव्हा कुणी शंका घेतली तर भांडत. आता त्या स्वतःच मध्ये थांबून म्हणत, "असं मला आठवतंय बघा, खरं-खोटं देवाला माहीत." अंकलनी एकदा म्हैसूरहून त्यांच्यासाठी मोगऱ्याची वेणी आणली होती, ती गोष्ट सांगता सांगता त्या एकदा आईला म्हणाल्या, "तीपण त्यानं आणली का मीच घेतली, कुणास ठाऊक." आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "अहो त्यांनीच आणली असणार." मी शेजारच्या खोलीत गणितं सोडवत होतो. चार पावलं होती.

मग मोनिकाने त्यांना कायमचं पर्थला बोलावलं. निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधायला गल्लीतल्या चार बायका आल्या होत्या आणि मला ट्रंकांच्या दोऱ्या आवळायला बोलावलं होतं. मी ठरवून गेलो होतो. वाक्यही तयार केलं होतं, इंग्रजीत, कारण मराठीत ते जास्त लाजिरवाणं वाटत होतं. आंटी मला बघून खूश झाल्या आणि त्या बायकांना म्हणाल्या, "हाच तो. हातात घड्याळ घेऊन ऐकलं यानं सगळं. याच्यामुळे मला कळलं, वीस वर्षं मी लोकांना थापा मारालोय!" बायका हसल्या. आंटीही हसल्या. मी दोरी आवळली. त्या दोरीला मी दोन गाठी मारल्या, आणि ट्रंक उचलून रिक्षापर्यंत नेली.

मी नोकरीला लागलो, लग्न झालं, एचएसआर लेआउटमध्ये घर घेतलं. अण्णा गेल्यावर त्यांच्या एकशे त्रेसष्ट रेकॉर्डी माझ्याकडे आल्या. आज माझ्याकडे तीनशे अठ्ठ्याऐंशी आहेत, सगळ्या लोकांसमोर वाजवलेल्या, सगळ्या बिग बँडच्या. आमच्या इमारतीतली पुण्या-नागपूरकडची पोरं कौतुकाने ऐकायला येतात. त्यांना व्हिनाइलचं वेड आहे, ती मला विचारतात, काका, यात तुम्ही नक्की काय शोधता. मी म्हणतो, बंगळुरातल्या एका हॉटेलात वाजलेली एक रेकॉर्ड. जुन्या बाजारात, घरं मोडताना निघालेल्या खोक्यांत, जिथे जिथे रेकॉर्डींचा ढीग दिसतो तिथे मी ती बघतो. मिळालेली नाही. बायको म्हणते, एका रेकॉर्डसाठी तुम्ही दोनशे पंचवीस दुसऱ्या घेतल्यात. वजाबाकी बरोबर आहे. टाळ्यांमध्ये माणसं असतात हे मला या दोनशे पंचवीसांनी शिकवलं. कुणी वेटरला हाक मारतं, कुणी ड्रमवाल्याला नावाने ओरडतं, एका रेकॉर्डवर एक बाई स्पष्ट म्हणते की माझा बूट कुठे गेला. अशी सगळी माणसं मी कॅसेटींच्या एकशे साठ बाजूंवरून कापून टाकली होती.

गेल्या वर्षी जुन्या गल्लीतल्या लोकांनी फोनवर एक ग्रुप काढला आणि त्यात मोनिकाचा नंबर आला. आंटी तिकडे गेल्यावर अकरा वर्षांनी वारल्या, हे मला आधीच कळलं होतं. नंबर मी नऊ दिवस तसाच ठेवला. मग एका रविवारी सकाळी केला. पर्थ आपल्या अडीच तास पुढे आहे, तिथे जेवणं झाली असतील असा अंदाज केला. आम्ही इंग्रजीत बोललो, ते इथे मराठीत देतो. इकडचं तिकडचं झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. पॉजचं बटण, कच्चा कागद, वही. मध्ये मी दोनदा "ऐकू येतंय ना?" विचारलं.

शेवटी ती म्हणाली, "शेवटची काही वर्षं ती म्हणायची, तुझे पप्पा मला कधी सॉरी म्हणाले नाहीत, मीच तसं बनवून सांगत होते. नर्सला सांगायची. आम्ही म्हणायचो, जाऊ दे ममी." मग म्हणाली, "आणि तुला तेव्हा माहीत होतं."

"हो."

"ती निघाली तेव्हाही."

"हो."

ती फोन ठेवेल असं मला वाटलं. ठेवला असता तर बरं झालं असतं असंही वाटलं. पण ती म्हणाली, "तू ऐकलंस. तू एकटाच आहेस ज्याने ते ऐकलं. काय म्हणाले पप्पा?"

"फिलो म्हणाले. ते नक्की. आणि लोक हसले."

"ते नाही. सॉरी म्हणाले का?"

हो म्हणणं फार सोपं होतं. तिला ते हवं होतं, आंटीने ते वीस वर्षं सांगितलं होतं, आणि बहुतेक ते खरंही असेल. पण त्या घराला मी एकदा माझ्या तोंडून खोटा पुरावा दिला होता. मी म्हणालो, "मोनिका, मला माहीत नाही. मी शब्द ऐकले नाहीत. मी घड्याळ बघत होतो. अकरा सेकंद बोलले, एवढंच मला माहीत आहे."

पलीकडे कुणी तरी नळ सोडला, बंद केला. मग तिने विचारलं, "अकरा सेकंदांत ते मावतं का?"

मी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. आंटीचं नाव, खांबाजवळचं टेबल, चौदा वर्षं, नाचलो नाही, सॉरी. न घाई करता, माइकसमोर उभ्या असलेल्या माणसासारखं.

"मावतं," मी म्हणालो. "वर दोन सेकंद उरतात."